टाइप बदलणारी मूव्ह बनवायची, तर आधी टर्नची किंमत मोज

प्रश्न थोडक्यात असा: एक मुलगा पोकेमॉन एमराल्ड या व्हिडिओ गेमच्या कोडवर स्वतःचा हॅक, म्हणजे बदललेली आवृत्ती, बनवतोय. नियम मात्र नव्या पिढीचे, म्हणजे या मालिकेतल्या नंतरच्या गेमचे, घेतलेत, फेअरी धरून १८ टाइपचा तक्ता. टाइप म्हणजे पोकेमॉनची आणि त्याच्या माराची जात, फायर, वॉटर, स्टील वगैरे; कुठला मार कुणाला दुप्पट बसेल, कुणाला अर्धा आणि कुणाला मुळीच नाही, ते हा तक्ता ठरवतो. त्यात टाइप बदलणाऱ्या चार नव्या मूव्ह, म्हणजे पोकेमॉनने एका टर्नला (पाळीला) करायच्या चाली, त्याला घालायच्या आहेत. ‘गंज’ समोरच्याला निव्वळ स्टील करते. ‘गारठा’ त्याच्या अंगावर आइस टाइप चढवते. ‘कात’ वापरली की स्वतःचा एक टाइप गळून पडतो. ‘अदलाबदल’मध्ये दोघांचे टाइप एकमेकांकडे जातात. डॅमेज चारही मूव्हना नाही. तो लिहितो, “दादा, कागदावर चारही भारी वाटतात, पण मित्रांना खेळायला दिल्या तर कुणी हातच लावत नाही. कुठे चुकतंय?”

चुकत फारसं नाहीये रे, महाग पडतंय.

मेंढीकोट खेळला असशील. कट हुकूमाचा डाव आठव. हुकूम ठरवायला तिथे कुणी आपली पाळी सोडत नाही. उतरलेल्या रंगाचं पान हातात नसलं की आपण दुसऱ्या रंगाचं पान टाकतो, तोच रंग हुकूम होतो आणि तो हातही बहुधा आपल्यालाच येतो. कापणं आणि हुकूम ठरणं एकाच पानात उरकतं. तुझ्या चारही मूव्हमध्ये हुकूम जाहीर करायला खेळाडूला एक पाळी गप्प बसावं लागतं. एवढी किंमत देऊन हुकूम कोण ठरवेल?

हिशेब मांडून बघ. तुझा मार न्यूट्रल (दुप्पट नाही, अर्धाही नाही) बसतो तेव्हा एक माप डॅमेज होतं असं धर. दोन टर्न नुसतं मारलंस तर दोन मापं. आता पहिल्या टर्नला टाइप बदललास आणि दुसऱ्या टर्नला सुपर इफेक्टिव्ह, म्हणजे दुपटीने, मारलंस, तर शून्य अधिक दोन, म्हणजे दोनच. एवढी खटपट करून जिथे होतास तिथेच. तिसऱ्या टर्नला कुठे नफा दिसायला लागतो, तीनाच्या जागी चार. पण तोवर समोरचा थांबला तर! त्याने स्विच केलं, म्हणजे मैदानातला पोकेमॉन बदलला, की चढवलेला टाइप त्याच्याबरोबर आत जातो आणि धुऊन बाहेर येतो.

आता हाच हिशेब जिथे तुझा मार अर्धा बसतो तिथे कर. नुसतं मारलं तर दोन टर्नमध्ये एक माप. टाइप बदलून मारलं तर दोन. जिथे मार मुळीच लागत नाही तिथे शून्याच्या जागी दोन. म्हणजे टाइप बदलणारी बिनडॅमेजची मूव्ह वाट अडलेली असतानाच परवडते, वाट मोकळी असताना नाही. तुझ्या मित्रांनी हे कागदावर मांडलं नसेल, पण खेळणाऱ्याच्या बोटांना ते कळतं.

स्विच करायला लावणं हीसुद्धा कमाई आहे, हे मात्र विसरू नकोस. समोरचा पळाला तर त्याचीही टर्न गेली आणि तुझा मार आत येणाऱ्याला बसला. त्यामुळे अशी मूव्ह अगदीच टाकाऊ नसते. पण त्या कामासाठी एन्कोर आहे (समोरच्याला तीच मूव्ह पुन्हा करायला लावणारी), पेरिश साँग आहे (काही टर्नांनी बाद करणारी), आणि त्या हे काम जास्त नेटाने करतात.

मूळ खेळ बनवणाऱ्यांनाही हे एका दिवसात उमगलेलं नाही. पोरिगॉन या पोकेमॉनची कन्व्हर्जन ही मूव्ह पहिल्याच पिढीतली, १९९६ची. तेव्हा ती समोरच्याचे टाइप उचलून स्वतःला लावायची. दुसऱ्या पिढीपासून ती आपल्याच मूव्हपैकी एकीचा टाइप घ्यायला लागली, कुठला ते नशिबावर. सहाव्या पिढीत नशीब काढून टाकलं आणि यादीतल्या पहिल्या मूव्हचा टाइप मिळू लागला. एवढे नियम बदलूनही गंभीरपणे खेळणाऱ्यांत तिला मान नव्हता. मग २०१६ साली सन आणि मून आले, झेड-मूव्ह (लढाईत एकदाच वापरता येणाऱ्या जोरदार मूव्ह) आल्या, आणि झेड-कन्व्हर्जनने टाइप बदलता बदलता पाचही स्टॅट (अटॅक, डिफेन्स, वेग असे आकडे) एकेक पायरी वर न्यायला सुरुवात केली. पोरिगॉन-झेड एकदम भीतिदायक झाला. त्याला अ‍ॅडॅप्टॅबिलिटी ही अ‍ॅबिलिटी (अंगचा गुण) असेल तर स्वतःच्या टाइपच्या माराला दीडपटीऐवजी दुप्पट मिळते, तीही आता नव्या टाइपला लागू. टाइप बदलण्याची क्रिया तीच होती. फरक एवढाच की त्या टर्नला आता दुसरंही काहीतरी पदरात पडत होतं.

उलट टोकाला प्रोटियन. २०१३ साली ग्रेनिंजाला ही छुपी अ‍ॅबिलिटी मिळाली: जी मूव्ह वापरशील तो तुझा टाइप, दर वेळी, टर्न न घालवता. प्रत्येक मार स्वतःच्या टाइपचा, म्हणून दीडपट. शिवाय बचावाचं गणित समोरच्याच्या हातून निसटलेलं. आठव्या पिढीत सिंडरेसला लिबेरो या नावाने तेच दिलं. शेवटी नवव्या पिढीत दोन्हींना वेसण घातली, मैदानात आल्यावर एकदाच टाइप बदलेल. फुकट दिलं की सगळं हेच वापरतात आणि पूर्ण टर्न मागितली की कुणी वापरत नाही. तुला या दोन टोकांच्या मधली जागा शोधायची आहे.

माझ्या मते त्या जागेवरची सर्वांत सुंदर मूव्ह रूस्ट आहे, आणि गंमत म्हणजे तिला कुणी टाइप बदलणारी मूव्ह म्हणून ओळखतही नाही. अर्धी एचपी (जीवशक्ती) भरून मिळते, त्या टर्नपुरता फ्लाइंग टाइप जातो. पक्षी पंख मिटून खाली बसला, बस. पण झॅपडॉसचं बघ. तो इलेक्ट्रिक आणि फ्लाइंग. एरवी रॉक आणि आइसचा मार त्याला दुप्पट बसतो आणि ग्राउंडचा मुळीच बसत नाही. रूस्ट केल्यावर उरलेल्या टर्नला रॉक आणि आइस न्यूट्रल, आणि अर्थक्वेक हा ग्राउंडचा मार दुप्पट. म्हणजे समोरच्याला आता ओळखायचंय की हा या टर्नला बसणार की मारणार. बसणार असेल तर अर्थक्वेक, नाहीतर रॉक स्लाइड. चुकीचं ओळखलं तर अर्थक्वेक हवेत जातो. दोघांपुढे खरा प्रश्न उभा राहतो, तोही एका बारीक ओळीच्या नियमातून.

दुसरी चांगली मूव्ह बर्न अप. पॉवर १३०, मारल्यावर स्वतःचा फायर टाइप जळून जातो, आणि फायर टाइप नसेल तर मूव्ह फसते. तेवढ्याच पॉवरची ओव्हरहीट आहे, तिची किंमत स्पेशल अटॅक दोन पायऱ्या खाली. म्हणजे टाइप गमावणं हे इथे चलन म्हणून वापरलंय. नवव्या पिढीतली डबल शॉक त्याच घराण्यातली, पॉवर १२०, इलेक्ट्रिक टाइप जातो. पण टेरास्टलाइझ होऊन (त्या पिढीतली टाइप बदलायची वेगळी सोय) इलेक्ट्रिक झालेल्याचा टाइप जात नाही, म्हणून तो डबल शॉक पुन्हा पुन्हा मारू शकतो. पळवाट म्हण किंवा बक्षीस म्हण, मला ते आवडलं, कारण ती वाट शोधायला खेळाडूला दोन नियम एकमेकांशेजारी ठेवून बघावे लागतात.

आता तुझ्या चार मूव्ह.

‘गंज’ आहे तशी फेकून दे. स्टील टाइप नव्या तक्त्यात दहा टाइपचा मार अर्ध्यावर आणतो आणि पॉइझनला दाद देत नाही. शत्रूला फायर, फायटिंग आणि ग्राउंड या तीन कमजोऱ्या द्यायच्या म्हणून तू त्याला चिलखत शिवून देतोयस. पण नाव मला फार आवडलं, म्हणून ती उलटी करून बघितली. गंज लोखंड चढवत नाही, लोखंड खातो! मग ती वॉटर टाइपची ६० पॉवरची मूव्ह कर, मार बसल्यावर समोरच्याचा स्टील टाइप खाऊन टाकणारी. वॉटर स्टीलवर न्यूट्रल बसतं, त्यामुळे स्टीलवाल्यापर्यंत पोचायची अडचण नाही. स्कार्मरीवर लाव. तो स्टील-फ्लाइंग, स्टील गेलं की नुसता फ्लाइंग. रॉक आणि आइस आधी न्यूट्रल बसायचे, आता दुप्पट. पॉइझन आधी लागतच नव्हतं, आता टॉक्सिक या मूव्हचं विषसुद्धा लागेल. आणि तुझ्या बाजूने तोटाही आहेच: फायर आधी दुप्पट बसायचं, आता न्यूट्रल. म्हणजे फायरवाल्या टीमने गंज वापरायची नाही, रॉकवाल्याने वापरायची. कुणी वापरायची आणि कुणी नाही हे मूव्हनेच ठरवलं की बॅलन्सचं अर्धं काम झालं. रेजिस्टीलसारखा निव्वळ स्टील असेल तर तो बिनटाइपचा होईल, सगळं न्यूट्रल. तेही चालेल, फक्त कोडात ते कसं लिहितोस याकडे लक्ष दे. त्यावर पुढे येतो.

‘गारठा’वर मी जास्त वेळ घालवला, कारण चौघींत ही सर्वांत धोकादायक आहे आणि तुला ते कळलेलं दिसत नाही.

चढवणं आणि बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोक बदलते: समोरचा निव्वळ वॉटर होतो, जुने टाइप जातात आणि त्या टाइपच्या माराची दीडपटही जाते. म्हणजे त्याचा मुख्य मार एक तृतीयांशाने उतरतो. लोक सोककडे नुसती इलेक्ट्रिकची वाट म्हणून बघतात, पण हा बचावाचा फायदा कित्येकदा मोठा असतो. चढवणाऱ्या मूव्ह, म्हणजे ट्रिक-ऑर-ट्रीट (घोस्ट चढवते) आणि फॉरेस्ट्स कर्स (ग्रास चढवते), जुन्या टाइपना हात लावत नाहीत. समोरच्याचा मार तसाच राहतो, उलट चढवलेल्या टाइपची एखादी मूव्ह त्याच्याकडे असली तर तिलाही दीडपट मिळते.

स्वॅम्पर्ट घे. वॉटर-ग्राउंड, एकच कमजोरी, ग्रास, पण ती चौपट. त्याच्यावर फॉरेस्ट्स कर्स टाकलीस तर काय होतं? ग्रासचा मार चौपटीवरून दुपटीवर येतो, कारण ग्रास ग्रासला अर्धं करतं. आइस, फ्लाइंग आणि बग हे तीन नवे दरवाजे दुपटीने उघडतात. फायर अर्ध्यावरून फक्त न्यूट्रलवर येतं, पॉइझनही तसंच. टीममध्ये ग्रासवाला असेल तर तू स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास. फ्लाइंगवाला असेल तर फायदा. त्याच स्वॅम्पर्टवर सोक टाकलीस तर ग्रास दुपटीवर येतो, पण इलेक्ट्रिक शून्यावरून थेट दुपटीवर जातं. टाइपला हात लावून शून्य मोडायचा हाच एक उपाय: टाइप काढून टाकणे. चढवून शून्य मोडत नाही, शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच. म्हणूनच ट्रिक-ऑर-ट्रीट नॉर्मल टाइपवर टाकणं शुद्ध वेडेपणा आहे. घोस्टचा मार नॉर्मलला लागत नव्हता तो आताही लागत नाही, आणि त्याची एकुलती एक कमजोरी, फायटिंग, तूच झाकून दिलीस. बदल्यात मिळाला फक्त डार्क.

आता आइस. बचावात आइस फक्त आइसला अडवतो, आणि कमजोऱ्या चार: फायर, फायटिंग, रॉक, स्टील. ग्रासला कमजोऱ्या पाच आहेत, पण तो अडवतोही चार टाइप. म्हणजे शत्रूच्या अंगावर चढवायला आइसइतका नुकसानकारक टाइप तक्त्यात शोधून सापडणं कठीण. म्हणून ‘गारठा’ बिनडॅमेजची ठेवायची असेल तर अचूकता १०० नको, ८५ कर. माझं मत विचारशील तर तिला डॅमेज दे, पण थोडं: आइस टाइप, ५० पॉवर, मार बसल्यावर आइस चढतो, आणि मैदानावर एका वेळी एकाच शत्रूवर तो टिकतो. मग एक छान गोष्ट आपोआप घडते. चढवलेला आइस पुढच्या आइस माराला अर्ध्यावर आणतो, म्हणजे गारठा वापरणाऱ्याला स्वतःच्या मुख्य मारावर पाणी सोडावं लागतं. फळ खायला दुसरा कुणीतरी लागतो, स्टीलवाला किंवा रॉकवाला. जो पेरतो तो कापत नाही. डबल्समध्ये (दोघांविरुद्ध दोघे) ही मूव्ह जमेल, सिंगल्समध्ये (एकास एक) ती बेताची राहील, आणि ते योग्यच आहे.

पण बर्फाच्या टीमला ही मूव्ह देऊ नकोस म्हणून सांगतो. तू नवव्या पिढीचा स्नो घेतला असशील तर बर्फ पडत असताना आइस टाइपचा डिफेन्स दीडपट होतो. जुना हेल घेतला असशील तर आइस टाइपला त्याचं डॅमेज होत नाही. दोन्हीकडे तू शत्रूला आपल्याच छत्रीखाली घेतोयस.

इथूनच पुढचा मुद्दा निघतो, आणि नवे लोक सर्वांत जास्त इथेच अडखळतात. टाइप म्हणजे नुसता गुणाकाराचा तक्ता नव्हे. इलेक्ट्रिकला पॅरालिसिस होत नाही, फायरला बर्न होत नाही, पॉइझन आणि स्टीलला विष चढत नाही, घोस्टला कुणी अडवून ठेवू शकत नाही, डार्कवर प्रँकस्टर या अ‍ॅबिलिटीच्या जोरावर टाकलेल्या मूव्ह चालत नाहीत, ग्रासवर पावडर चालत नाही. टाइप बदललास की या सगळ्या बारीक सवलतीही हलतात. फॉरेस्ट्स कर्स आणि लीच सीड या दोन्ही ट्रेव्हनंटच्या घरातल्या मूव्ह. आधी कर्स टाकलीस तर समोरचा ग्रास झाला, आणि ग्रासवर लीच सीड रुजत नाही. क्रम उलटा केला तरच दोन्ही लागतात. हा विचार करून ठेवलेला काटा आहे की योगायोग, कोण जाणे, पण तुझ्या मूव्हमध्ये असे काटे तुला आधी सापडले पाहिजेत, खेळणाऱ्याला नाही.

मला कसे सापडले ते सांगतो. माझा पहिला मॉड तिसऱ्या पिढीच्या जुन्या नियमांवर होता. त्यात मी एक साधी मूव्ह घातली, वापरणारा स्वतः निव्वळ इलेक्ट्रिक होतो. कमजोरी एकच, ग्राउंड; त्यात काय एवढं, असं वाटलं, म्हणून टीएम करून सगळ्यांना खुली ठेवली. एका मित्राने ती फ्लायगॉनला शिकवली. फ्लायगॉन ग्राउंड-ड्रॅगन, आइसने चौपट मरणारा. इलेक्ट्रिक झाल्यावर आइस न्यूट्रल, आणि लेव्हिटेट या तरंगण्याच्या अ‍ॅबिलिटीमुळे ग्राउंड लागतच नाही. कमजोरी शून्य! लेव्हिटेट मोडणारी मोल्ड ब्रेकर अ‍ॅबिलिटी किंवा ग्रॅव्हिटी तेव्हा कुठे होती, त्या चौथ्या पिढीपासूनच्या. अर्थक्वेकची दीडपट गेली एवढाच काय तो त्याला तोटा. मित्राने सलग डाव जिंकले आणि मग मला विचारलं, “हे असंच ठेवायचंय का?” त्या रात्री मी लेव्हिटेटवाल्यांची यादी करून बसलो.

तेव्हापासून नवी मूव्ह लिहिण्याआधी मी एक तक्ता काढतो. एकेरी टाइप १८, जोड्या १५३, एकूण १७१ ओळी. प्रत्येक ओळीपुढे मूव्हआधीच्या कमजोऱ्या आणि मूव्हनंतरच्या. स्प्रेडशीटमध्ये तासाभराचं काम. मग ज्या ओळींत नंतरचा आकडा एक किंवा शून्य येतो तेवढ्याच हाताने तपासायच्या, आणि त्या उरलेल्या एका कमजोरीला झाकणारी अ‍ॅबिलिटी कुणाकडे आहे ते बघायचं. लेव्हिटेट, फ्लॅश फायर, वॉटर अ‍ॅब्झॉर्ब, व्होल्ट अ‍ॅब्झॉर्ब, सॅप सिपर. बस, एवढ्याने मोठे अपघात टळतात.

‘कात’ तुझी सगळ्यांत चांगली कल्पना. नावातच नियम आहे, समजावून सांगावं लागत नाही. तिला थोडं वजन दे: पहिला टाइप गळतो आणि त्याबरोबर बर्न, पॉइझन, पॅरालिसिस असलं काही लागलेलं असेल तर तेही. मैदानात आल्यावर एकदाच. एकच टाइप असलेल्याने वापरली तर फसते. आता टायरॅनिटारला देऊन बघ, रॉक-डार्क. फायटिंगची चौपट कमजोरी दुपटीवर येते. वॉटर, ग्रास, ग्राउंड, स्टील हे चारही दुपटीवरून न्यूट्रल होतात. मोठाच फायदा वाटतो ना? पण तो स्वतःच सँडस्टॉर्म घेऊन येतो. रॉक गेला की वाळूत मिळणारा स्पेशल डिफेन्सचा दीडपट आधार गेला, आणि डार्कला वाळू सोडत नाही, दर टर्नला एक सोळांश एचपी स्वतःच्याच वादळात जायला लागते. स्टोन एजची दीडपट गेली ती वेगळीच. अशी मूव्ह कुठल्या टर्नला वापरायची यावर दोन चांगले खेळाडू भांडतील, आणि तसं भांडण होत असेल तर मूव्ह ठेवावी.

‘अदलाबदल’ मी काढली असती. नियम म्हणून ती सुटसुटीत आहे, पण खेळणाऱ्याला चार टाइप डोक्यात उलटे धरून पुढचे तीन टर्न खेळावे लागतात. वर फाटे किती! एकाने स्विच केलं तर दुसऱ्याने काय करायचं? कुणावर तिसरा टाइप चढलेला असेल तर तोही जातो का? टेरास्टलाइझ झालेल्याचा टाइप बदलत नाही, मग समोरच्याला तरी का बदलू द्यायचा? नुसतं उचलायचं असेल तर रिफ्लेक्ट टाइप आहेच. अगदी ठेवायचीच असेल तर डबल्सपुरती, आणि फक्त आपल्या जोडीदाराबरोबर, शत्रूबरोबर नाही.

त्याच्या जागी मी एक सुचवतो. तुझ्या खेळात टाइप इतके हलणार असतील तर ते जागेवर आणणारी एक मूव्ह लागेल. हेझ जशी सगळ्यांच्या स्टॅटच्या पायऱ्या पुसते, तशी सगळ्यांचे टाइप मूळपदावर आणणारी. नाव ‘उतारा’ ठेव. स्वतःची कात टाकलेली असेल तर तीही परत चढेल, म्हणजे ही दुधारी आहे. तीसुद्धा नुसती नको, सोबत थोडी एचपी भरून दे, नाहीतर पुन्हा तेच, पाळी सोडून हुकूम.

आणि हेही ध्यानात घे की दर वेळी टाइपला हात लावायलाच हवा असं नाही. आठव्या पिढीतली टार शॉट बघ. समोरच्याचा वेग कमी करते आणि अंगावर डांबर फासते, त्यानंतर फायरचा प्रत्येक मार दुपटीने. टाइप तोच राहतो, दीडपट तशीच, पॅरालिसिसच्या सवलती तशाच. एकच दरवाजा उघडला, बाकी भिंती जागेवर. “समोरच्याला अमुक टाइपचा करायचंय” असं वाटलं की आधी स्वतःला विचार, मला त्याचा टाइप हवाय की त्याची एक कमजोरी? बहुतेक वेळा दुसरंच हवं असतं, आणि त्याला १७१ ओळी तपासाव्या लागत नाहीत.

कोडाबद्दल दोनच गोष्टी, दोन्ही मी रक्त आटवून शिकलोय. एमराल्डच्या मूळ कोडात प्रत्येक पोकेमॉनला टाइपचे दोन खण असतात, आणि एकच टाइप असेल तर दोन्ही खणांत तोच लिहिलेला असतो. तू ‘गंज’मध्ये फक्त पहिला खण पुसलास तर रेजिस्टील दुसऱ्या खणातल्या स्टीलवर मजेत उभा राहील. दोन्ही तपास. दुसरी गोष्ट म्हणजे “टाइप नाही” हे लिहायला मी शून्य वापरला होता. मूळ कोडात शून्य म्हणजे नॉर्मल. माझे बिनटाइपचे पोकेमॉन गुपचूप नॉर्मल झाले, आणि त्यांच्यावर घोस्टचा मार लागेना. दोन दिवस मी शॅडो बॉलच्या कोडात चूक शोधत होतो! त्या कोडात नऊ क्रमांकाला तीन प्रश्नचिन्हांचा एक टाइप आहे, तो यासाठी वापर. तू नवा वाढवलेला कोड घेतला असशील तर हे आकडे आधी उघडून बघ, तिथे मांडणी वेगळी असू शकते.

कॉम्प्युटरच्या बाजूने खेळणाऱ्यालाही शिकवावं लागेल. माझ्या एका जिम लीडरने निव्वळ वॉटर असलेल्यावर सलग चार वेळा सोक टाकली आणि चारही वेळा ती फसली. समोरचा आधीच त्या टाइपचा असेल तर या मूव्हला उणे गुण द्यायचे, एवढी एक ओळ पुरते.

राहता राहिला पडद्यावरचा मजकूर. तू लिहिलंयस की संवाद मराठीत ठेवतोयस, मग हे आत्ताच ठरव. इंग्रजीत “अमुक झाला” म्हणताना लिंग लागत नाही, आपल्याकडे लागतं. ‘मिलोटिक आता स्टील टाइपची झाली’, ‘स्वॅम्पर्ट आता स्टील टाइपचा झाला’, आणि रेजिस्टीलला तर खेळात लिंगच नाही, त्याचं ‘झालं’ करायचं का? मी तिन्ही वाक्यं लिहून, लिंग तपासून, योग्य ते दाखवायच्या भानगडीत एक आठवडा घालवला. शेवटी क्रियापदच काढलं. नाव, पुढे विसर्गासारखे दोन ठिपके, आणि ‘टाइप आता वॉटर’. बॉक्समध्ये एका ओळीत बसतं, आणि कुणाचं लिंग चुकत नाही.